मोटारसायकलच्या साखळीला वंगण कोणते व कसे?

मृग नक्षत्र लागले, की गोव्यातील दुचाकी वाहनांची खरी परीक्षा सुरू होते. वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत लाल मातीचा चिखल, बार्देश-सासष्टीच्या किनारपट्टीत खारा वारा आणि फेरीबोटीच्या उतारावर चाकांवर उडणारे पाणी यांना तोंड देतच मोटारसायकलला रोजचे काम करावे लागते. गावापासून दूर असलेल्या शाळेत जाणारा शिक्षक, वाड्यावाड्यांवर टपाल पोहोचविणारा पोस्टमन, पंचायतीचा सचिव, पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघणारा शेतकरी आणि पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून प्रवासी नेणारा गोव्याचा सुपरिचित ‘पायलट’ या साऱ्यांचे दैनंदिन व्यवहार या वाहनावर अवलंबून असतात.

वाहनाचा मालक टाकीतील पेट्रोल रोज पाहतो, टायरमधील हवा आठवड्याने तपासतो आणि इंजिनातील ऑइल ठरावीक अंतरानंतर बदलून घेतो. मात्र इंजिनाची सर्व शक्ती मागील चाकापर्यंत पोहोचविणाऱ्या साखळीकडे, म्हणजे चेनकडे, ती खडखडू लागेपर्यंत फारसे कोणी पाहत नाही. आणि पाहिले तरी तिला कोणते वंगण द्यावे याविषयी नाना मते ऐकू येतात. कोणी इंजिनातून काढलेले काळे ऑइल ओततो, कोणी ग्रीसचा जाड थर फासतो, तर कोणी घरातील खाद्यतेल घालून समाधान मानतो. यांपैकी योग्य काय, अयोग्य काय आणि ते कशावरून ठरवावे, याचा विचार येथे केला आहे. आजच्या बहुतेक स्कूटरना अशी उघडी साखळी नसते. त्यामुळे हे विवेचन साखळीवर चालणाऱ्या मोटारसायकलींपुरते आहे.

साखळीची घडण

मोटारसायकलला जी साखळी असते तिला ‘रोलर चेन’ म्हणतात. तिचे आजचे रूप प्रामुख्याने हान्स रेनॉल्ड या मूळच्या स्विस अभियंत्याच्या कामातून आले. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे त्याने १८८० साली बुश असलेल्या रोलर चेनचे पेटंट घेतले. प्रथम कापडगिरण्यांतील यंत्रांना व सायकलींना, आणि नंतर मोटारसायकलींना ही रचना लागू पडली. धातू व घडणावळ यांत पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, पण मूळ तत्त्व तेच राहिले.

वरवर पाहता साखळी म्हणजे लोखंडी पट्ट्यांची माळ वाटते. प्रत्यक्षात तिच्या प्रत्येक सांध्यात पाच प्रकारचे भाग असतात. आतील दोन पट्ट्या, बाहेरील दोन पट्ट्या, बाहेरील पट्ट्यांना जोडणारी भरीव पिन, त्या पिनभोवती असणारी पोकळ नळी म्हणजे बुश, आणि बुशभोवती मोकळेपणाने फिरणारा रोलर. साखळी दातेरी चाकावर, म्हणजे स्प्रॉकेटवर, चढताना पिन बुशमध्ये थोडीशी वळते आणि उतरताना पुन्हा सरळ होते. पिन व बुश यांच्यामधील फट अतिशय बारीक असते. सर्व घर्षण आणि झीज यांचे मुख्य स्थान हीच फट होय.

या सांध्याला किती राबावे लागते, हे साध्या गणिताने कळू शकते. एका लहान मोटारसायकलच्या मागील चाकाचा परीघ सुमारे १.९ मीटर, मागील स्प्रॉकेटचे दाते ४२ आणि साखळीचे सांधे १२० आहेत असे समजू. वाहन ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता मागील चाक दर सेकंदाला सुमारे सात फेरे घेते आणि संपूर्ण साखळी सेकंदाला सुमारे अडीच वेळा फिरते. प्रत्येक फेरीत प्रत्येक सांधा चार वेळा वळतो. पुढील स्प्रॉकेटवर चढताना व उतरताना आणि तसाच मागील स्प्रॉकेटवरही. म्हणजे प्रत्येक सांधा सेकंदाला दहा वेळा आणि तासाभरात सुमारे ३६,००० वेळा वळतो, आणि यांतील पुष्कळ वेळा तो ओढीच्या भाराखाली वळतो. इतके श्रम करणाऱ्या सांध्यात वंगण नसेल, तर लोखंडावर लोखंड घासून त्याची झीज होणे अटळ आहे.

‘चेन लांबली’ असे मेकॅनिक म्हणतो, तेव्हा पट्ट्यांचे पोलाद ताणले गेलेले असते असा अनेकांचा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. पिन व बुश यांची झीज होऊन प्रत्येक सांध्यात थोडीशी ढिलाई येते आणि तिची बेरीज लांबीच्या रूपाने दिसते. एका सांध्यात केवळ ०.०५ मिलिमीटर झीज झाली, तरी १२० सांध्यांची मिळून साखळी ६ मिलिमीटरने लांब होते. ही झीज रोखणे हेच वंगणाचे पहिले कार्य. रोलर व बुश यांच्यातील घर्षण कमी करणे हे दुसरे, आणि पाणी, क्षार व हवा यांच्यापासून पोलादाचा गंज टाळणे हे तिसरे.

साखळी दोन प्रकारची

वंगण निवडण्यापूर्वी आपल्या वाहनाची साखळी कोणत्या प्रकारची आहे हे जाणून घेणे अगत्याचे आहे, कारण एकीला मानवणारा उपाय दुसरीला अपायकारक ठरू शकतो.

पहिला प्रकार साध्या साखळीचा. कमी क्षमतेच्या, दैनंदिन वापराच्या बहुसंख्य मोटारसायकलींना हीच असते. तिच्या पट्ट्यांच्या दरम्यान कोणतेही रबर नसते. त्यामुळे बाहेरून दिलेले तेल फटीतून पिनपर्यंत पोहोचू शकते, परंतु त्याच वाटेने पाणी व धूळही आत शिरू शकते.

दुसरा प्रकार सीलबंद साखळीचा. १९७० च्या दशकात मोटारसायकलींसाठी हा प्रकार प्रचारात येऊ लागला आणि आज मोठ्या क्षमतेच्या अनेक गाड्यांना तो बसविलेला असतो. यात कारखान्यातच पिन व बुश यांच्यामध्ये ग्रीस भरलेले असते आणि ते बाहेर पडू नये म्हणून आतील व बाहेरील पट्टीमध्ये रबराची बारीक कडी बसविलेली असते. या कडीचा छेद वाटोळा असल्यास तिला ‘ओ-रिंग’ आणि फुलीसारखा असल्यास ‘एक्स-रिंग’ म्हणतात. पट्ट्यांच्या फटीत नीट पाहिले असता काळ्या किंवा रंगीत रबराची कड दिसते, त्यावरून हा प्रकार ओळखता येतो. या साखळीच्या पिनला बाहेरच्या वंगणाची गरज नसते. तरीही रोलरचे घर्षण, पट्ट्यांचा गंज आणि रबर कोरडे पडणे टाळण्यासाठी तिलाही वरून वंगण द्यावेच लागते. ‘सीलबंद आहे, म्हणून तेल नको’ हा समज चुकीचा आहे.

प्रचलित वंगणांची पारख

चांगल्या वंगणाच्या अंगी तीन गुण असावे लागतात. ते बारीक फटीत शिरण्याइतके पातळ असावे, फिरत्या साखळीवरून उडून न जाण्याइतके चिकट असावे, आणि तरीही धूळ ओढून घेण्याइतके चिकट नसावे. हे गुण काही अंशी परस्परविरोधी आहेत. सर्वच गुण एकाच पदार्थात पूर्णपणे मिळत नाहीत. म्हणूनच निवडीचा प्रश्न उद्भवतो.

इंजिनातून काढलेले काळे ऑइल. हे फुकट मिळते, हाच त्याचा एकमेव गुण. त्यात काजळी, धातूचे सूक्ष्म कण, इंधनाचे अवशेष आणि आम्लयुक्त पदार्थ मिसळलेले असतात. झीज टाळण्यासाठी जे वापरायचे, त्यातच झीज करणारे कण असतात. त्वचेशी त्याचा वारंवार संपर्क येणे आरोग्यालाही घातक आहे. शिवाय साखळीवरून ते ठिबकून अंगणात, गटारात आणि अखेर विहिरीच्या पाण्यात जाऊ शकते. वापरलेले तेल हा २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार धोकादायक टाकाऊ पदार्थ मानला जातो. ते साखळीवर किंवा जमिनीवर न टाकता, त्याची रीतसर विल्हेवाट लावणाऱ्या गॅरेजकडे सोपविणे योग्य होय.

साधे ग्रीस. ग्रीस फासलेली साखळी डोळ्यांना तेलकट व सुरक्षित दिसते, पण ते घट्ट असल्याने पिन व बुश यांच्या फटीत शिरतच नाही. झीज होते आत आणि ग्रीस राहते बाहेर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार होतो. त्यातच रस्त्यावरील धूळ व वाळू या थरात रुतून बसते आणि त्याचा कानशीसारखा काम करणारा लेप तयार होतो. डिचोली भागातील लाल धुळीत किंवा किनाऱ्याच्या वाळूत चालणाऱ्या वाहनांना तर हा उपाय विशेष हानिकारक ठरतो.

वितळविलेले ग्रीस. जुने मेकॅनिक साखळी काढून रॉकेलमध्ये धूत, पसरट डब्यात ग्राफाइटयुक्त ग्रीस मंद आचेवर पातळ करीत आणि त्यात साखळी बुडवून ठेवीत. पातळ झालेले ग्रीस सांध्यात शिरते व थंड झाल्यावर तेथेच टिकते. साध्या साखळीपुरते हे तत्त्व बरोबर होते आणि त्याचा उपयोगही होत असे. परंतु रॉकेल व ज्वाला जवळजवळ आल्याने आगीचा धोका मोठा, कामाला वेळ फार आणि साखळी वारंवार काढण्या-घालण्याची कटकट. सीलबंद साखळीच्या बाबतीत तर उष्णतेने रबर खराब होते व आतील मूळचे ग्रीस वितळून जाते. आज हा उपाय घरी करण्याचे कारण उरलेले नाही.

खाद्यतेले. खोबरेल, शेंगदाणा वा अन्य खाद्यतेल तात्पुरता खडखडाट थांबविते. मात्र हवेच्या संपर्काने अशी तेले कालांतराने खराब होतात. काही घट्ट व चिकट बनतात. गंजापासून संरक्षण देणारी द्रव्ये त्यांत मिसळलेली नसतात. आडरानात दुसरे काहीच न मिळाल्यास घरापर्यंत पोहोचण्यापुरता त्यांचा उपयोग करावा, नेहमीसाठी नव्हे.

ताजे इंजिन ऑइल. २० डब्ल्यू-४० किंवा २० डब्ल्यू-५० प्रतीचे न वापरलेले इंजिन ऑइल फटीत सहज शिरते आणि गंजही रोखते. ते लवकर उडून जाते, हा त्यातील दोष. म्हणून ते थोडे पण वारंवार द्यावे लागते. इंजिनाचे ऑइल बदलताना नव्या डब्यात उरलेले थोडे तेल या कामी जपून ठेवता येते.

गिअर ऑइल. एसएई ८० किंवा ९० प्रतीचे गिअर ऑइल अनेक उत्पादकांनी आपल्या चालकपुस्तिकांत साखळीसाठी सुचविलेले आढळते. ते सांध्यात शिरते आणि इंजिन ऑइलपेक्षा काहीसे अधिक टिकते. मोठा दाब सहन करण्यासाठी आवश्यक द्रव्ये त्यात मिसळलेली असतात. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. ९० क्रमांकाचे गिअर ऑइल हे ४० क्रमांकाच्या इंजिन ऑइलच्या दुपटीहून दाट असते असे नाही. दोहोंच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत आणि प्रत्यक्षात ९० क्रमांकाच्या गिअर ऑइलचा दाटपणा ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन ऑइलच्या जवळपास असतो. म्हणूनच एक न मिळाल्यास दुसरे चालते.

फवाऱ्याचे वंगण. डब्यातून फवारावयाच्या या वंगणात पातळ द्रावक असतो. तो वंगणाला फटीत नेऊन सोडतो व स्वतः उडून जातो, आणि मागे चिकट थर राहतो. हे वंगण कमी उडते, कपडे व चाक स्वच्छ राहतात आणि काम झटपट होते. परंतु किंमत अधिक पडते आणि काही प्रकारांचा चिकट थर कोरड्या दिवसांत धूळ धरतो. सीलबंद साखळीसाठी घेताना ‘ओ-रिंगला चालणारे’ असा उल्लेख डब्यावर आहे की नाही, हे पाहूनच खरेदी करावी. गंजलेले स्क्रू सैल करण्यासाठी मिळणारे अतिपातळ फवारे मात्र याहून वेगळे. ते पाणी बाहेर काढण्यास उपयोगी असले, तरी साखळीचे वंगण म्हणून टिकत नाहीत.

ठिबक यंत्रणा. बागायतीत झाडाच्या मुळाशी थेंबथेंब पाणी द्यावे, त्याप्रमाणे चालत्या साखळीवर थेंबथेंब तेल सोडणारी साधने परदेशांत लांब पल्ल्याचे प्रवासी वापरतात. तत्त्व उत्तम आहे, पण रोजच्या तीस-चाळीस किलोमीटरच्या वापरासाठी हा खर्च सामान्यतः अनावश्यक होय.

निवड कोणती करावी?

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतो. साधी साखळी असलेल्या, दैनंदिन वापराच्या मोटारसायकलसाठी एसएई ९० चे ताजे गिअर ऑइल हा सर्वांत सोयीचा व काटकसरीचा पर्याय ठरतो. एका वेळेस सुमारे १० मिलिलिटर तेल पुरते. या हिशेबाने एक लिटरचा डबा शंभर वेळा उपयोगी पडेल, म्हणजे दर ५०० किलोमीटरला तेल दिल्यास ५०,००० किलोमीटरपर्यंत पुरेल. गावातील चार-पाच वाहनधारकांनी मिळून एक डबा घेतला, तर प्रत्येकाचा खर्च नगण्य होतो.

सीलबंद साखळीसाठी तिला चालणारे फवाऱ्याचे वंगण किंवा चालकपुस्तिकेत सुचविलेले गिअर ऑइल वापरावे. पावसाळ्यात, खाऱ्या हवेत आणि वारंवार फेरीबोटीतून ये-जा करणाऱ्यांनी थोडे अधिक टिकणारे, दाट वंगण पसंत करावे. उन्हाळ्याच्या कोरड्या धुळीत मात्र वंगण कमी प्रमाणात द्यावे व वरचे जादा तेल काळजीपूर्वक पुसून काढावे. या सर्वांत एक गोष्ट ध्यानात ठेवणे जरूर आहे. महागडे वंगण वर्षातून दोनदा देण्यापेक्षा साधे वंगण वेळच्या वेळी देणे केव्हाही श्रेयस्कर. वंगणाच्या नावापेक्षा नियमितपणाला अधिक महत्त्व आहे.

वंगण देण्याची रीत

प्रथम सुरक्षितता. इंजिन पूर्ण बंद करून किल्ली काढून घ्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा आणि वाहन सपाट जागी मधल्या स्टँडवर उभे करावे. वेळ वाचविण्यासाठी इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या साखळीवर तेल सोडण्याची अथवा तिला फडके लावण्याची सवय अत्यंत घातक आहे. फडके साखळीत ओढले जाते आणि त्यामागोमाग बोट स्प्रॉकेटच्या दात्यात सापडते. क्षणार्धात बोट तुटून कायमचे अपंगत्व येऊ शकते. चाक नेहमी हातानेच फिरवावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

दुसरी पायरी स्वच्छतेची. मळावर तेल घालणे म्हणजे मळ आत ढकलणे होय. मऊ ब्रश रॉकेलमध्ये किंवा साखळीसाठी मिळणाऱ्या क्लीनरमध्ये बुडवून साखळीच्या चारही बाजू घासाव्यात व कोरड्या फडक्याने पुसून घ्याव्यात. पेट्रोल वापरू नये. त्याने आगीचा धोका तर असतोच, शिवाय सीलबंद साखळीचे रबर खराब होते. तारेचा ब्रश व जोराच्या पाण्याचा फवारा यांमुळेही रबराला इजा पोहोचते आणि पाणी आत शिरते. घाण रॉकेल जमिनीवर न सांडता डब्यात गोळा करावे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष वंगण देण्याची. साखळी फिरताना तिच्यावरील तेल बाहेरच्या दिशेने फेकले जाते. म्हणून तेल बाहेरून न देता साखळीच्या खालच्या पदराच्या आतील बाजूवर, म्हणजे स्प्रॉकेटला टेकणाऱ्या बाजूवर, द्यावे. तसे केल्यास चालताना तेल आपोआप सांध्यातून बाहेरच्या बाजूला सरकते. जोडाच्या कडीवर खडूने खूण करावी, म्हणजे पूर्ण फेरी झाली की नाही ते कळते. लांब तोंडाच्या तेलदाणीने किंवा सुई काढलेल्या जुन्या पिचकारीने दोन्ही बाजूंच्या आतील व बाहेरील पट्ट्यांमधील फटीवर आणि रोलरवर थेंब सोडत, चाक हाताने हळूहळू मागे फिरवीत जावे. मागे जुना पुठ्ठा धरल्यास टायरवर तेल उडत नाही.

चौथी पायरी मुरू देण्याची. तेल लावून लगेच वाहन हाकल्यास बरेचसे तेल उडून जाते. त्यामुळे हे काम सकाळी निघताना करण्यापेक्षा सायंकाळी घरी परतल्यावर, साखळी कोमट असताना करावे. रात्रभरात तेल सांध्यात मुरते. सकाळी कोरड्या फडक्याने वरचे सर्व जादा तेल पुसून टाकावे. वंगण आत हवे, बाहेर केवळ ओलसर हात फिरविल्याइतके पुरे. शेवटी टायर आणि ब्रेक यांवर तेलाचा थेंबही नाही याची खात्री करूनच वाहन रस्त्यावर न्यावे.

ज्या मोटारसायकलींच्या साखळीवर पूर्ण झाकण असते, त्यांना धूळ व पाणी यांपासून चांगले संरक्षण मिळते. मात्र साखळी नजरेआड असल्याने ती विस्मरणातही जाते. अशा झाकणावर तपासणीसाठी रबरी बूच असते. ते काढून साखळीचा ढिलेपणा पाहता येतो व चाक फिरवीत तेलही देता येते. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी झाकण उघडून साखळी धुवून घेण्यास मेकॅनिकला आवर्जून सांगावे. शोभेसाठी हे झाकण काढून टाकण्याची जी टूम आहे ती साखळीच्या मुळावर येणारी तर आहेच, पण मागे बसणाऱ्या स्त्रीचा पदर वा ओढणी अडकून जीवघेणा अपघातही तीमुळे ओढवू शकतो.

केव्हा द्यावे, किती ताणावे?

चालकपुस्तिकेत दिलेले अंतर हेच अंतिम प्रमाण मानावे. ती हाताशी नसल्यास कोरड्या दिवसांत दर ५०० किलोमीटरला वंगण द्यावे. पावसाळ्यात हे अंतर निम्म्याने कमी करावे. साखळी पूर्ण भिजली किंवा पाण्याखालून गेली असेल, तर किलोमीटरचा हिशेब न करता त्याच दिवशी ती पुसून तेल द्यावे. उन्हाळ्यात मांडवी व जुवारीच्या मुखाकडील पाणी भरतीबरोबर खारट होते. फेरीच्या धक्क्यावर ते साखळीवर उडाल्यास साध्या पाण्याने हलकेच धुवून, वाळवून मगच वंगण द्यावे, अन्यथा मीठ तेलाखाली दडून राहते. महिन्याकाठी ८०० किलोमीटर जाणाऱ्या शिक्षकाला याप्रमाणे कोरड्या दिवसांत महिन्यातून दोनदा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटे द्यावी लागतील. दिवसभर भाडे करणाऱ्या पायलटला त्याहून अधिक.

वंगणाबरोबर ताणही पाहावा. दोन्ही स्प्रॉकेटच्या मधोमध खालचा पदर बोटाने वर-खाली करून किती हलतो ते मोजावे. बहुसंख्य लहान गाड्यांत तो साधारण २० ते ३० मिलिमीटर असावा लागतो. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. साखळी सर्वत्र सारखी झिजत नाही. म्हणून चाक फिरवून तिची सर्वांत ताठ जागा शोधावी व तेथे मोजमाप घ्यावे. फार ढिली साखळी दात्यांवरून उडी मारते. फार ताठ साखळी स्वतः झिजते आणि बेअरिंगही खराब करते. ताण बदलताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या आहेत आणि चाकाच्या आसाचा नट घट्ट बसला आहे, हे तपासावे. जोडाच्या कडीला क्लिप असल्यास तिचे बंद तोंड साखळीच्या पुढे जाण्याच्या दिशेने असावे. उलट बसविलेली क्लिप निसटण्याची भीती असते.

कितीही जपली, तरी साखळी कधी तरी बदलावी लागतेच. ती वेळ ओळखण्यासाठी घरातील मोजपट्टी पुरेशी आहे. ४२८ क्रमांकाच्या साखळीत दोन पिनांमधील अंतर १२.७ मिलिमीटर असते. म्हणजे ताणलेल्या नव्या साखळीच्या २० कड्यांची, एका पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतची लांबी २५४ मिलिमीटर भरते. हीच लांबी २५९ मिलिमीटर झाली, म्हणजे साखळी सुमारे दोन टक्के झिजली आणि ती बदलण्याची वेळ आली असे समजावे. स्प्रॉकेटचे दाते आकड्यासारखे वाकडे व टोकदार झाले असल्यास तीही खूणच. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी घातली, तर ती लवकर खराब होते. म्हणून दोन्ही स्प्रॉकेट व साखळी एकदमच बदलणे अखेर स्वस्त पडते.

हे सारे केवळ पैशाच्या बचतीसाठी नाही. अनमोड किंवा चोर्ला घाट उतरताना वाहनाचा वेग आवरण्यास इंजिनाचीही मदत होत असते, आणि ती मदत साखळीतूनच चाकापर्यंत येते. साखळी तुटली वा दात्यांवरून उतरली, तर ती मदत तत्क्षणी संपते. तुटलेली साखळी गुंडाळली जाऊन मागील चाक जागीच जखडले जाऊ शकते किंवा इंजिनाचे कवच फुटू शकते. मागे पत्नी वा मूल बसलेले असताना, ओल्या रस्त्यावर असा प्रसंग ओढवल्यास त्याचे परिणाम सांगण्याची गरज नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखी, घाटात खडखडाट ऐकल्यावर तेलाची आठवण होणे काही कामाचे नाही.

शाळेसाठी दोन सोपे प्रयोग

या विषयातील विज्ञान वर्गात सहज दाखविता येईल. काचेच्या दोन स्वच्छ पट्ट्या एकमेकींवर दाबून धराव्यात. एका कडेला गिअर ऑइलचा थेंब व दुसऱ्या कडेला ग्रीसचा लहान गोळा लावावा. थोड्याच वेळात तेल पट्ट्यांच्या मधे आपोआप पसरत गेलेले दिसेल, ग्रीस मात्र कडेलाच राहील. केशाकर्षणाचा हाच नियम पिन व बुश यांच्या फटीत लागू होतो.

दुसऱ्या प्रयोगात तीन लोखंडी खिळे पॉलिश कागदाने घासून घ्यावेत. एक तसाच कोरडा ठेवावा, एकाला खाद्यतेल आणि एकाला गिअर ऑइल लावावे. तिन्ही मिठाच्या पाण्याने भिजविलेल्या कापसावर ठेवून विद्यार्थ्यांनी आठवडाभर रोज निरीक्षण लिहावे. कोणता खिळा प्रथम गंजतो आणि कोणता अखेरपर्यंत टिकतो, हे विद्यार्थी स्वतः पाहतील व घरी जाऊन सांगतीलही. काचेच्या कडा व खिळे हाताळताना शिक्षकांनी लक्ष ठेवावे.

मोटारसायकल हे आज खेड्यापाड्यांतील कुटुंबाचे केवळ वाहन राहिलेले नाही. ती शाळेची वेळ, बाजाराची वेळ आणि अनेकांच्या बाबतीत घरातील चूल सांभाळते. तिच्या साखळीला वेळच्या वेळी दिलेले दहा मिलिलिटर स्वच्छ तेल आणि आठवड्यातील पंधरा मिनिटे एवढ्याने वाहनाचे आयुष्य वाढते, पेट्रोलचा अपव्यय टळतो आणि घरून निघालेला माणूस सुखरूप घरी परततो. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वाहनधारकाने आपल्या वाहनाची साखळी एकदा हात लावून पाहिली, तरी या कामाची चांगली सुरुवात होईल.